झेंडा पक्षाचा, सही कोणाची?

प्रश्न चाकणमधल्या एका अंतर्गत युनियनच्या खजिनदारांचा आहे. कंपनीत तीनशेच्या आसपास कायम कामगार, त्याहून जास्त कंत्राटी. युनियन नोंदलेली आहे, पण कुठल्याच केंद्रीय संघटनेशी संलग्न नाही. पुढच्या वर्षी वेतन करार संपतोय आणि दोन केंद्रीय संघटनांची माणसं येऊन भेटून गेली आहेत. कमिटीतल्या काहींना वाटतं, पाठीशी पक्ष असला की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात वजन पडेल. बाकीच्यांना धास्ती आहे की पक्ष एकदा आत शिरला की युनियन आपली राहणार नाही. खजिनदार विचारतात: इंटक काँग्रेसची, आयटक कम्युनिस्टांची, भारतीय मजदूर संघ संघाचा, एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. पण हे नातं प्रत्यक्षात चालतं कसं आणि त्यात आमचं काय होईल?

मी आयुष्यभर युनियनच्या बाजूने करार, समेट आणि औद्योगिक न्यायालय हेच काम केलं आहे. चारही मोठ्या झेंड्यांच्या माणसांबरोबर टेबलाच्या एकाच बाजूला बसलो आहे. माझं मत आधी सांगतो. पक्षाशी नातं असणं हा दोष नाही. कायदा विधानसभेत आणि संसदेत होतो, तिथे आपलं कोणीतरी लागतंच. नुकसान होतं ते करारावर सही करायचा अधिकार सभासदांकडून न येता वरून मिळतो तेव्हा. इंटकच्या इतिहासात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं आणि तो इतिहास बराचसा आपल्या मुंबईतच घडला, म्हणून तिथेच जास्त थांबतो.

आधी थोडं मागचं. देशातली पहिली राष्ट्रीय कामगार संघटना, आयटक, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपत राय. निमित्तही समजून घ्या: १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सुरू झाली, तिच्या परिषदेत भारतीय कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा, तर त्याला पाठवणारी देशपातळीवरची संघटना हवी होती. केंद्रीय संघटनेचं हे मूळ काम आजही तसंच आहे. भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळावर, त्रिपक्षीय समित्यांवर, जिनिव्हाच्या परिषदेत कामगारांच्या वतीने कोण बसणार, हे याच संघटनांमधून ठरतं. तुमच्या तीनशे जणांच्या युनियनला तिथे स्वतःहून जागा मिळणार नाही.

आयटकमध्ये तेव्हा सगळे एकत्र होते. ना. म. जोशींसारखे नेमस्त, काँग्रेसवाले, कम्युनिस्ट. नेहरू आणि सुभाषबाबू दोघेही तिचे अध्यक्ष झाले. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात व्हिटली आयोगावर (ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या) बहिष्कार घालायचा की नाही यावरून जोशींचा गट बाहेर पडला. दोन वर्षांनी कलकत्त्यात कम्युनिस्ट बाहेर पडले, १९३५ मध्ये परत आले, १९४० पर्यंत जोशींच्या बाजूचेही परतले. म्हणजे फुटणं आणि जुळणं दोन्ही चालू होतं. १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, युद्धाला पाठिंबा देणारे कम्युनिस्ट बाहेर राहिले, आणि आयटकचा ताबा त्यांच्याकडे गेला. त्यानंतरची फूट मात्र सांधली गेली नाही.

३ मे १९४७ रोजी दिल्लीत इंटक स्थापन झाली. सरदार पटेल, गुलझारीलाल नंदा, खंडुभाई देसाई हे त्यामागचे प्रमुख. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं, सरकार आपलं होणार आणि देशातली सगळ्यात मोठी कामगार संघटना विरोधकांच्या हातात. हे काँग्रेसला परवडणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि डिसेंबर १९४८ मध्ये हावड्यात हिंद मजदूर सभा उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष आपल्या नागपूरचे रा. स. रुईकर. पक्ष फुटला की कामगार संघटना फुटायची, हा क्रम पुढेही चालू राहिला. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला आणि १९७० मध्ये आयटकमधून मार्क्सवाद्यांची सिटू वेगळी झाली.

आता नंदांकडे लक्ष द्या. ते अहमदाबादच्या मजूर महाजन संघाचे अनेक वर्षांचे चिटणीस. गांधीजींच्या १९१८ च्या लढ्यातून आलेली ती संघटना: लवादावर विश्वास, संप हा शेवटचा उपाय, एका गावात एकच युनियन. खंडुभाईही तिथलेच, इंटकचे पहिले सरचिटणीस आणि १९५४ मध्ये केंद्रात कामगारमंत्री. नंदा १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे कामगारमंत्री झाले आणि त्याच काळात मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. जी माणसं संघटना उभी करत होती, तीच कायदाही लिहीत होती. मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. अहमदाबादेत जे नीट चाललं होतं ते सगळीकडे चालेल असं त्यांना मनापासून वाटत असणार. पण मुंबईचं गिरणगाव अहमदाबाद नव्हतं. इथे १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला होता, गिरणी कामगार युनियन लालबावट्याखाली वाढली होती.

या कायद्याचं मर्म असं होतं. एका भागातल्या एका उद्योगात ठरावीक टक्के सभासद दाखवणारी युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरे. १९८२ च्या वेळी ही अट २५ टक्क्यांची होती. एकदा ती मान्यता मिळाली की त्या भागातल्या सगळ्या कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार तिचा एकटीचा. उरलेले ७५ टक्के दुसऱ्या कोणाच्या मागे असले तरी मालकाशी आणि न्यायालयात बोलणार ती एकच. गुप्त मतदान नव्हतं. मोजणी होती ती वर्गणीच्या पावत्यांची. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये ही मान्यता इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि तिथेच राहिली.

त्याचे परिणाम गिरणगावाने कित्येक वर्षं सोसले. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला. गिरण्या बंद पडल्या, पण बोलणी करायचा अधिकार संप करणाऱ्यांना नव्हता, आणि संप मोडला. १९५७ मध्ये याच गिरणगावाने श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेत पाठवलं. मत डांग्यांना आणि करार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा, अशी परिस्थिती होती. नेत्याला संसदेत पाठवता येत होतं, पण गिरणीच्या कार्यालयात बसवता येत नव्हतं.

मग १९८१ ची दिवाळी. बोनसचा आकडा कामगारांना पटला नाही. घाटकोपरच्या पंतनगरात डॉ. दत्ता सामंतांकडे कामगार स्वतः गेले, तुम्हीच नेतृत्व घ्या म्हणाले. सामंत हे काही काँग्रेसबाहेरून उगवलेले गृहस्थ नव्हते, त्याच पक्षाच्या तिकिटावर ते आमदार झाले होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मागण्या पगाराच्या, बदली (गैरहजर माणसाच्या जागी लावल्या जाणाऱ्या) कामगारांच्या होत्याच, पण त्यांच्या बरोबरीने एक मागणी हा कायदाच काढून टाकायची होती. सरकारचं आणि मालकांचं उत्तर ठरलेलं: मान्यताप्राप्त युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघ आहे, बोलायचं तर तिच्याशीच बोलू. जी युनियन संपात नव्हती तिच्याशी संपाची बोलणी कशी करणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो लोक पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, मुंबई दक्षिण मध्यमधून सामंत अपक्ष निवडून आले. पुन्हा तेच, मत एकाला आणि सहीचा हक्क दुसऱ्याला.

माझ्या ओळखीचे अनेक गिरणी कामगार या सगळ्याचा दोष ‘काँग्रेसच्या युनियन’ला देतात आणि त्यांचा राग मला समजतो. तरी मला वाटतं, नुसतं पक्षाचं नातं असतं तर कामगारांनी युनियन बदलली असती आणि प्रश्न मिटला असता. कायद्याने ती वाटच बंद केली. ज्या युनियनला सभासद गमावण्याची भीती उरत नाही, ती सभासदांचं ऐकणं हळूहळू सोडते. तिथे काँग्रेसच्या जागी कम्युनिस्ट किंवा शिवसेना असती तरी निराळं घडलं असतं असं मला वाटत नाही.

अहमदाबादचं पुढे काय झालं तेही ऐका. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि त्या भांडणात मजूर महाजन इंटकमधून बाहेर पडला. जी संघटना इंटकचा कणा होती तीच गेली, आणि तेही कामगारांच्या कुठल्याही मागणीवरून नव्हे. त्याच मजूर महाजनच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ उभी केली, १९८१ मध्ये महाजनने तिला वेगळं काढलं, आणि आज फेरीवाल्या, विडी वळणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांची ही संघटना केंद्रीय कामगार संघटनांच्या यादीत आहे. तिच्यामागे कुठलाही पक्ष नाही. पक्षाशिवाय देशपातळीवर उभं राहता येतं, हे तिने करून दाखवलं आहे.

भारतीय मजदूर संघाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे, कारण तुमच्याकडे आलेल्यांपैकी एक त्यांचे आहेत. भामसं २३ जुलै १९५५ ला, टिळकांच्या जयंतीला, भोपाळमध्ये सुरू झाला. संस्थापक दत्तोपंत ठेंगडी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, संघाचे प्रचारक. त्याआधी त्यांनी इंटकमध्येही काम केलं होतं. कामगार संघटना चालते कशी हे तिथे शिकले. भामसं स्वतःला पक्षनिरपेक्ष म्हणवतो. कागदावर ते खरं आहे, नातं पक्षाशी नसून संघाशी आहे. पण ठेंगडी स्वतः १९६४ ते १९७६ जनसंघाकडून राज्यसभेत होते, हेही खरं.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, तो काही वेळा प्रत्यक्ष दिसला. १९७४ च्या रेल्वे संपात इंटकची रेल्वे संघटना बाहेर राहिली, भामसंची आत होती. पण तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, त्यामुळे ती परीक्षा सोपी होती. खरी परीक्षा वाजपेयींच्या काळात आली. निर्गुंतवणूक, जागतिक व्यापार संघटना, कामगार कायद्यातले बदल या सगळ्यांवर ठेंगडींनी आपल्याच विचाराच्या सरकारवर उघड टीका केली. २००३ मध्ये त्यांनी पद्मभूषण नाकारला. ही स्वतंत्र वृत्ती मी मानतो. त्यानंतर मात्र चित्र मिश्र आहे. २०१५ मध्ये २ सप्टेंबरच्या देशव्यापी संपाच्या तयारीत भामसं इतर संघटनांबरोबर होता आणि संप तोंडावर आला असताना बाहेर पडला. २०२० मध्ये जुने कामगार कायदे गुंडाळून आणलेल्या चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेवर त्याने जाहीर हरकत घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही संहिता लागू झाल्या तेव्हा दहा केंद्रीय संघटना विरोधात उतरल्या, भामसंने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचं स्वागत केलं आणि बाकीच्यांवर चर्चा हवी म्हटलं. आपल्या माणसांच्या सरकारविरुद्ध निवेदन देता येतं, संपापर्यंत जाता येत नाही, अशी ती मर्यादा मला दिसते.

हे फक्त उजवीकडचं दुखणं समजू नका. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेत असताना सिटूलाही तोच पेच पडला. २००८ मध्ये मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी बंदला आपला विरोध असल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा तिथल्या कामगार नेत्यांची झालेली अडचण सगळ्या देशाने पाहिली. पक्ष सत्तेत आला की त्याला गुंतवणूक हवी असते, गुंतवणुकीला शांतता हवी असते.

म्हणून तुमच्या कमिटीतल्या ‘वजन’वाल्यांना एवढंच सांगा की वजन पडतं, पण दोन्ही बाजूंनी. समेट अधिकाऱ्याकडे तारीख लवकर मिळते, पोलीस गेटवरून कामगारांना उचलत नाहीत, हे मी पाहिलं आहे. आणि ज्या फोनने तारीख मिळाली त्याच फोनवरून ‘आता ताणू नका, साहेबांनी शब्द दिलाय’ असा निरोप येतो, हेही पाहिलं आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात तर दिल्लीच्या पक्षापेक्षा गावातला पक्ष जास्त त्रासदायक ठरतो. भंगाराचा ठेका, कँटीन, कामगार पुरवणं, बसगाड्या, ही कामं बऱ्याच ठिकाणी स्थानिक पुढाऱ्यांच्या नातेवाइकांकडे असतात. एका सुट्या भागांच्या कंपनीत आम्ही कंत्राटी मुलांना कायम करायची मागणी लावून धरली होती. युनियनचे बाहेरचे अध्यक्ष प्रत्येक बैठकीत ती मागणी शेवटी ढकलत. मुलं पुरवणारा ठेकेदार त्यांच्याच घरातला होता, हे आम्हाला करार झाल्यावर कळलं. त्या मुलांपैकी काही आजही कंत्राटीच आहेत, आणि त्यांच्यासमोर उभं राहायला मला जड जातं. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचा झेंडा बघण्याआधी त्याच्या घरात कंपनीचा कुठला ठेका आहे का, ते बघा.

आता पैशाचं, कारण तुम्ही खजिनदार आहात. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनच्या पैशाचे दोन कप्पे केले होते. सर्वसाधारण निधी पगार, कोर्टकचेरी, सभासदांच्या मदतीसाठी. त्यातून निवडणुकीचा खर्च करता येत नाही. राजकीय कामासाठी वेगळा निधी, वेगळी वर्गणी, आणि ती सक्तीने घेता येत नाही. ती न देणाऱ्याला सभासदत्व नाकारता येत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हा वेगळा निधी आणि सक्ती नसण्याची अट कायम आहे. प्रत्यक्षात काय होतं? पक्षाच्या मोर्चाच्या गाड्यांचं भाडं ‘प्रवास खर्च’ म्हणून सर्वसाधारण निधीत पडतं. व्हाउचरवर तुमची सही असते. अशा व्हाउचरवर सही करू नका. मोर्चा कामगारांच्या मागणीचा असेल तर कमिटीचा ठराव जोडा, पक्षाचा असेल तर ज्याला जायचं त्याने स्वतःच्या खिशातून जावं.

मंत्री युनियनचा पदाधिकारी होऊ शकत नाही, ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीत आली. आमदार, खासदार होऊ शकतात. बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी असेल तेवढेच. तुमची कमिटी नऊ जणांची असेल तर बाहेरचे तीन. अनेक युनियन तिघांना घेतात आणि अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार तीनही पदं त्यांनाच देऊन मोकळ्या होतात. कायदा पाळला जातो, युनियन जाते. बाहेरचा माणूस हवा असेल तर सल्लागार किंवा फार तर अध्यक्ष करा; बँकेच्या खात्यावरच्या सह्या आतल्या माणसांच्याच ठेवा.

मान्यतेच्या पडताळणीत मी जे बघत आलो ते थोडं सांगतो, म्हणजे या सगळ्याचं मूळ कुठे आहे ते कळेल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी आधीच्या सहा महिन्यांत ३० टक्के सभासद दाखवावे लागत. तपास अधिकारी येतो. टेबलावर एका बाजूला कंपनीचं मस्टर, दुसऱ्या बाजूला सभासद नोंदवही, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती आणि बँकेचं पासबुक. दोन युनियनचे लोक समोरासमोर. एकेक नाव वाचलं जातं. एकच माणूस दोन्ही नोंदवह्यांत निघतो. निवृत्त झालेल्याच्या नावावर मागच्याच महिन्याची पावती निघते. कधी सहा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेल्या असतात आणि पासबुकात मात्र सगळी रक्कम एकाच दिवशी भरलेली असते. ज्या युनियनचा माणूस दर महिन्याच्या पगाराला खात्याखात्यात फिरून वर्गणी घेतो, त्याचं पुस्तक मळकं असतं, कोपरे दुमडलेले असतात, मध्येच एखाद्याची पावती रद्द केलेली असते. राष्ट्रीय आकडेही शेवटी अशाच कागदांवरून येतात. २००२ या संदर्भ वर्षाच्या पडताळणीत भामसं ६२ लाख, इंटक ३९ लाख, आयटक ३४ लाख असे आकडे निघाले होते. कोणी येऊन ‘आम्ही देशात पहिले’ म्हणालं तर त्या मोठ्या आकड्याला मान द्या, आणि मग विचारा की चाकणमध्ये वर्गणी गोळा करायला दर महिन्याला कोण येणार.

नव्या संहितेने अट बदलली आहे. मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटीने वाटाघाटी करणार. तसं कोणीच नसेल तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी असं मंडळ बसणार. तुमच्याकडे आज बहुमत आहे. संलग्न व्हायच्या वादात कमिटी फुटली आणि दोन युनियन झाल्या, तर कदाचित कोणाचेच ५१ टक्के होणार नाहीत आणि करार मंडळावर जाईल. व्यवस्थापनाला ते आवडेलच.

तरीही संलग्न व्हा असंच मी सांगेन. एकट्या अंतर्गत युनियनला बडतर्फीची केस औद्योगिक न्यायालयातून उच्च न्यायालयापर्यंत न्यायची दमछाक होते. शेजारच्या प्लँटमध्ये काय करार झाला याचे कागद मिळत नाहीत. आणि कायदे बदलत असताना गप्प बसून राहणं तुम्हाला परवडणार नाही. मात्र निर्णय कमिटीत घेऊ नका. सर्वसाधारण सभा बोलवा, सात दिवस आधी नोटीस लावा, गुप्त मतदान घ्या. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: युनियनचं नोंदणीकृत नाव, बँक खातं आणि सभासद नोंदवही युनियनचीच राहील; करारावर सही होण्याआधी मसुदा सभासदांच्या सभेत वाचला जाईल आणि मतदानाला जाईल; राजकीय निधीची वर्गणी स्वतंत्र आणि ऐच्छिक असेल; आणि साध्या बहुमताच्या ठरावाने संलग्नता सोडता येईल. हाच ठराव दोन्ही संघटनांच्या माणसांसमोर ठेवा. बहुतेक जण पहिलं आणि तिसरं कलम लगेच मान्य करतात. दुसऱ्यावर अडखळतात, ‘वाटाघाटी अशा चव्हाट्यावर होत नसतात’ म्हणतात. वाटाघाटी बंद खोलीतच होतात, त्याला माझी हरकत नाही. पण जो मसुदा मतदानाला टाकायला तयार नाही त्याच्याशी संलग्न होऊ नका, तो कुठल्याही पक्षाचा असो.

आणखी एक विचारा: आमच्या कंत्राटी मुलांना सभासद करून घ्याल का, आणि त्यांचं मागणीपत्र आमच्याबरोबर द्याल का? तुमच्या गेटमधून आत जाणाऱ्यांत ते जास्त आहेत. त्यांना वगळून झालेला करार तीन वर्षांनी तुमच्याच संख्येवर उलटतो. हे सगळं मागणीपत्र देण्याच्या किमान तीन महिने आधी उरकून घ्या, कारण मागणीपत्र गेल्यावर कमिटीतली प्रत्येक फट व्यवस्थापनाला दिसायला लागते.